न्यूट्रल परत आला होता

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सबस्टेशनवरचे गमतीजमतीचे अनुभव लिहा. लाईट जाते एवढंच लोकांना माहीत असतं, ती पाठवणारा माणूस कुणाला माहीत नसतो." मी हो म्हणालो. गमतीजमती आहेत माझ्याजवळ, त्या आधी लिहितो. पुढचं वाचून छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी तेवीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात यंत्रचालक आहे. लोक ऑपरेटर म्हणतात. उपकेंद्र कळमनुरी तालुक्यात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तारेच्या कुंपणात दोन मोठे ट्रान्सफॉर्मर आणि बाजूला एक खोली. खोलीत कपाटांसारखी लोखंडी पॅनेलं. एकेका पॅनेलमधून एकेक फीडर निघतो, म्हणजे काही गावांची किंवा शेतांची मिळून एक लाईन. पॅनेलवर एक मूठ असते. ती एका बाजूला फिरवली की लाईन चालू, दुसऱ्या बाजूला फिरवली की बंद. दर तासाला काट्यांचे आकडे बघून लॉगशीट नावाच्या मोठ्या कागदावर लिहायचे. लाईन बंद झाली तर किती वाजता झाली आणि काहून झाली तेही लिहायचं. काम एवढंच. आठ तास एकटा माणूस, एक टेबल, एक फोन.

हा चेहरा कुणाला माहीत नाही, पण आवाज अकरा गावांना पाठ आहे. पिठाच्या गिरणीवाले हमीदभाई लाईट गेल्यावर दुसऱ्या मिनिटाला फोन करत. "साब, आधा आटा अंदर है, आधा बाहर. पाच मिनिट दे दो, चक्की खाली कर लेता." मी म्हणायचो, "हमीदभाई, लाईट माझ्या खिशात हाय का?" ते म्हणायचे, "खिशात न्हाई, मुठीत हाय. म्हणून तर फोन लावला."

एक आजी होत्या. त्या फोन करून विचारायच्या, "बाबा, लाईट गेली का?"

"व्हय आजी, गेली."

"समद्याची गेली?"

"समद्याची."

"बरं. मला वाटलं माझीच गेली." आणि फोन ठेवायच्या. लाईट कधी येईल हे त्यांनी कधी विचारलं नाही. समद्यांची गेली की त्यांचं समाधान व्हायचं.

एका दसऱ्याला एक शेतकरी नारळ आणि हळदकुंकू घेऊन आले. वर्षभर मोटार जळली नाही म्हणून पॅनेलची पूजा करायची म्हणाले. केली. मग नारळ फोडायला पॅनेलचाच कोपरा शोधू लागले. मी त्यांचा हात धरला. "काका, इथं फोडला तर आधी मी फुटन, मग अकरा गावं." आणि ती अकरा गावं एकदा खरंच एका खारीनं बंद पाडली होती. खारीची शेपूट ती केवढी. सोडवायला गेलो तेव्हा शेपूटच तेवढी शिल्लक होती.

एवढ्या गमती पुरेत.

या नोकरीतली एकच गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ती परमिट. लाईनवर काही तुटलं की लाईनमनला खांबावर चढावं लागतं. चढण्याआधी त्यानं उपकेंद्रात यायचं आणि परमिट बुकात लिहून द्यायचं, अमुक फीडर बंद करून माझ्या ताब्यात द्या. ऑपरेटरनं फीडर बंद करायचा, बाहेरच्या आयसोलेटरचा दांडा ओढून लाईन आणखी एका जागी तोडायची, त्या दांड्याला कुलूप लावायचं, पॅनेलवर "माणूस काम करत आहे" ही पाटी अडकवायची आणि मग सही द्यायची. काम झालं की त्याच माणसानं परत येऊन, "मी उतरलो, माझी माणसं उतरली, लाईन चालू करा" असं लिहून सही करायची. ती सही होईपर्यंत कुणाचाही फोन येवो, मुठीला हात लावायचा नाही. इतकं सोपं आहे. लहान लेकरालाही कळेल.

आणि इतकं सोपं असूनही आम्ही ते पाळत नव्हतो. दिवसातून चार-पाच वेळा कुठंतरी फ्यूज उडायचा, खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, म्हणजे जंपर, तुटायचा, झाडाची फांदी पडायची. दर वेळी लाईनमननं येऊन सह्या करायच्या म्हटलं तर निम्मा दिवस जाण्या-येण्यातच जायचा. मग "भाऊ, बंद करा, सही नंतर करतो" ही पद्धत पडली. संध्याकाळी सगळी परमिटं एकदम लिहायची. कुलूप टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गंजून गेलं होतं. चावी होती की नव्हती हेही मला आठवत नाही.

रामधन राठोड हा आमचा लाईनमन. गावापासून दोन किलोमीटरवरच्या तांड्यावर राहायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पण मला "सुधाकरभाऊ" म्हणायचा. काळा, काटक, मिशी नेहमी कातरलेली. खांबावर चढताना पायातल्या चपला काढून खाली नीट जोडून ठेवायचा, जणू देवळात चाललाय.

माणूस घरवेडा. दुपारी एक वाजता कुठंही असला तरी घरी फोन लावणार. "लेकरं जेवली का?" हा पहिला प्रश्न. मोठी वैशाली आणि धाकटा पोरगा. बायको शेवंताबाई शेतात रोजानं जायच्या, म्हणून सकाळी पोरीच्या वेण्या हाच घालायचा. मी एकदा थट्टा केली, "रामधन, केबलला पीळ देणाऱ्या हातानं वेणी घालतो का?" तो म्हणाला, "भाऊ, पीळ तोच. फक्त हिथं पोरगी वरडती, तिथं तार वरडत न्हाई." मोटारसायकलवर हेल्मेट घालणारा तांड्यावरचा तो पहिला माणूस. पोरांनाही पाठीमागं बसवताना एक जुनं हेल्मेट आळीपाळीनं घालायचा.

आणि कुत्री. त्याच्याकडे कायम एक कुत्रं असायचं. पहिल्याचं नाव फेज. ते चावायचं. दुसरा फ्यूज. तो वर्षभरातच गेला. तिसरा न्यूट्रल. पिवळसर रंगाचा, एक कान पडलेला, साधा गावठी. बाळापूरच्या बाजारात भाजीच्या पाटीखाली सापडलेलं पिल्लू रामधननं शर्टात घालून आणलं होतं. नाव ठेवताना म्हणाला, "ह्याला हात लावला तरी काही होत न्हाई भाऊ. गरीब हाय." जुन्या मीटरच्या पेट्यांचा पत्रा वापरून त्यानं त्याला घर करून दिलं होतं. त्यावर पोरीनं रंगानं नाव लिहिलं होतं, आणि खाली "धोका" लिहून कवटी काढली होती.

रामधन कामाला निघाला की न्यूट्रल मोटारसायकलच्या टाकीवर, जवळ जायचं असेल तर मागं पळत. रामधन खांबावर चढला की हा खाली त्याच्या चपलांवर हनुवटी टेकून बसणार. खांब रानात कुठंही असो, लोक लांबूनच सांगायचे, कुत्रं खाली बसलंय म्हणजे रामधन वर आहे. काम संपलं की दोघं परत यायचे. फाटकापर्यंत आले की न्यूट्रल पुढं पळायचा आणि त्याच्या मागं अर्ध्या मिनिटात रामधनची गाडी वळायची.

कुत्रं फाटकात दिसलं की मी उठून मूठ फिरवू लागलो. रामधन खोलीत येईपर्यंत लाईन चालू झालेली असायची. एक-दोनदा त्यानं पाहिलं आणि हसून म्हणाला, "भाऊ, माझी सही पुढं पळत येती व्हय?" मलाही हसू आलं. दोघंही हसलो. मी ते वाक्य चारचौघांत सांगायचो, रामधनची सही चार पायांची आहे म्हणून.

माझं कुटुंब तेव्हा मुलांच्या शाळेसाठी नांदेडला होतं. मी क्वार्टरमध्ये एकटा. दुपारी दीडला डबा उघडायचो. एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो. एक दिवस न्यूट्रल दारात बसला होता, त्याला भाकरीचा तुकडा आणि उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. आठवड्याभरात तो रामधन कुठं जवळपास काम करत असला की दीडच्या सुमाराला एकटाच यायला लागला. खाऊन परत पळायचा.

रामधनच्या हे लक्षात आलं. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. तो कधी कुणाला बाजूला घेऊन बोलायचा नाही, म्हणून मला आठवतं.

"सुधाकरभाऊ, त्याला काही खाऊ घालू नका."

"काहून रे? तुझ्या कुत्र्याला विष घालतो का मी?"

"तसं न्हाई. त्याला माझ्याच हातचं राहू द्या. नाहीतर कामाच्या टायमाला पळून येईन तुमच्याकडं."

"येऊ दे की. तेवढीच मला सोबत."

तो हसला, पण त्याला ते आवडलं नव्हतं. मी पुढंही घालत राहिलो. खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो. मला त्यात थोडी मजा वाटत होती. ज्या माणसाची घरी बायको वाट बघते, पोरगी वेणीसाठी थांबते, त्याचं कुत्रं दीड वाजता त्याला सोडून माझ्याकडे येतं, ही ती मजा. दुसरं काही नाही.

आठ वर्षांपूर्वीचा आश्विन महिना. ऊन तापलेलं. हळद आणि केळी पाण्यावर आलेली. बाराच्या आधी रामधन खोलीत आला.

"भाऊ, कॅनॉलपलीकडच्या शेतीच्या फीडरचा जंपर तुटलाय. बंद करून द्या. अर्ध्या तासाचं काम हाय."

"परमिट?"

"लिवून ठेवा तुमी. आल्यावर सही करतो."

मी फीडर बंद केला. आयसोलेटरचा दांडा ओढायला बाहेर उन्हात जायला पाहिजे होतं, गेलो नाही. पाटी अडकवली नाही. परमिट बुक उघडलं नाही. चुकून वीज आली तरी ती जमिनीत उतरवणारा, लाईनला जमिनीशी जोडणारा दांडा त्या दिवशी दुसऱ्या पथकाच्या गाडीत गेला होता, त्यामुळे रामधनही तो न लावताच चढला. त्याची एवढी चूक होती. ती मी लपवत नाही, पण तिच्यामागं लपतही नाही. तो चढला तो माझ्या भरवशावर.

काम लांबलं. एक वाजला. फाटकाशी आठ-दहा शेतकरी जमले. त्यांच्या पाळीची लाईट सहा तासांची असायची. एक केळीवाले काका खिडकीशी येऊन भांडू लागले.

"साहेब, सहा तासाची लाईट, त्यातली दीड तास तुमीच खाल्ली. झाडं सुकून राहिली तिकडं."

"काका, माणूस खांबावर हाय."

"कवाचा हाय! तिथं घर बांधून राहिला का?"

बाकीचे हसले. फोन वाजत होता. तो उचलला की दुसरं कुणी ओरडत होतं. रामधनला फोन लावला, रेंज नव्हती. कॅनॉलपलीकडे ती नसतेच.

दीड वाजता न्यूट्रल फाटकातून आत आला. शेपूट हलवत, जीभ बाहेर काढून.

मी खिडकीतून काकांना म्हणालो, "आला बघा रामधन. झालं समाधान?" आणि मूठ फिरवली.

काटा वर गेला, थरथरला, खाली पडला. फीडर आपोआप ट्रिप झाला. पॅनेलवर एक छोटा लाल पट्टा खाली पडतो. तो पडला म्हणजे वीज कुठंतरी जमिनीत उतरली. तेवीस वर्षांत तो पट्टा शेकडो वेळा पडलेला पाहिला आहे. कधी फांदी, कधी पक्षी. त्या दिवशी फाटकाकडे पाहिलं. मोटारसायकल वळली नव्हती. रस्ता कॅनॉलपर्यंत रिकामा दिसत होता.

न्यूट्रल दारात बसून माझ्या डब्याकडे बघत होता.

पुढचं तासाभरात सगळ्या गावाला कळलं. मी खोली सोडू शकत नव्हतो, ऑपरेटरनं सोडायची नसते. ते मला त्या वेळी बरंच झालं. तीनच्या सुमाराला आमचे साहेब आले. पहिला प्रश्न त्यांनी तो विचारला जो त्यांनी विचारायलाच हवा होता.

"परमिट होतं का?"

परमिट बुक टेबलावर होतं. त्या दिवसाचं पान कोरं होतं. रामधन समोर येऊन बोलला होता, त्यामुळे फोनचाही पुरावा नव्हता. मी म्हणालो, "न्हाई साहेब."

"त्यानं लाईन मागितली नव्हती?"

"न्हाई. फीडर आपोआप ट्रिप झाला होता. दोन-तीनदा चालू करून पाहिला, टिकला नाही. दीडला परत पाहिला."

लॉगशीटमध्ये फीडर बंद झाल्याच्या कारणाचा रकाना मी अजून भरला नव्हता. साहेब पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा भरला. एकच शब्द लिहिला. ट्रिप. 

चौकशी झाली. ज्यांनी केली त्यांच्यासमोर कागद होते आणि माझा जबाब होता. त्यांनी त्यावरून जो निघायचा तो निष्कर्ष काढला. कर्मचाऱ्यानं परवानगी न घेता वाहिनीवर काम केलं. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणानं. फाटकावरच्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही. माझ्या तोंडची "माणूस खांबावर हाय" आणि "आला बघा रामधन" ही वाक्यं त्यांच्या दृष्टीनं साधीच होती.

आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. तिसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयातल्या लोकांनी तांड्यावर लावायच्या फलकाचा आणि पेपरात द्यायच्या श्रद्धांजलीचा मजकूर मला लिहायला सांगितला. माझं अक्षर आणि भाषा बरी आहे, निरोप समारंभांची भाषणंही मीच लिहितो. मी शेवंताबाईंकडे विचारायला गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाजूला वैशाली. तेरा वर्षांची. केस मोकळे. तीन दिवस कुणी वेणी घातली नव्हती.

मी विचारलं, "काय लिहू वहिनी?"

त्या म्हणाल्या, "घरावर लई जीव व्हता म्हणून लिवा. आन कुत्र्याचं लिवा भाऊ. कुत्र्याचं लिवल्याबिगर त्याहिचं वाटणारच न्हाई."

मी लिहिलं. "अत्यंत प्रेमळ, कुटुंबवत्सल, मुक्या जीवांवर माया करणारे आमचे सहकारी रामधन यांचे अपघाती निधन झाले." सगळ्यांनी वाखाणलं. एक सहकारी म्हणाला, "काय लिहिलंय राव, डोळ्यांत पाणी आलं." त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्याच हातानं तीन दिवसांपूर्वी लॉगशीटचा रकाना भरला होता.

न्यूट्रल तेराव्यापर्यंत तांड्यावर राहिला. चौदाव्या दिवशी दीड वाजता तो फाटकात आला. दारात बसला. माझ्याकडे बघत राहिला. मी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी परत आला. मी दगड मारला. तो थोडा मागं सरकून परत बसला, त्याला वाटलं असेल खेळतोय. पाच-सहा दिवस हे चाललं. त्याला कुणी माझ्याबद्दल विचारणार नव्हतं आणि तो कुणाला सांगणार नव्हता, तरी मला त्याची भीती वाटत होती. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं असतं की हा रोज दीडला काहून येतो, तर?

एका सुट्टीच्या सकाळी मी त्याला अंडं दाखवून गोणीत घातलं, मोटारसायकलला बांधलं आणि पैनगंगेच्या पुलापलीकडे, विदर्भाच्या हद्दीत, एका फाट्यावर सोडलं. अंडं तिथं ठेवलं. तो ते खात असताना गाडी वळवली. आरशात पाहिलं नाही. गावात विचारलं तर म्हणालो, मालकामागं गेलं असेल कुठंतरी.

आठ वर्षं ही अशी गेली. मी स्वतःला समजावत होतो की कुत्र्यानं मला फसवलं. एवढी वर्षं जे कधी चुकलं नाही ते त्या दिवशी चुकलं, नशीब. हे समजावणं बराच काळ चाललं. पण मला माहीत होतं. तो दिवस कुत्र्यासाठी वेगळा नव्हताच. तो रोजच्यासारखा दीड वाजता जेवायला आला होता. ती सवय मी लावली होती, आणि ज्यानं लावू नका म्हणून सांगितलं होतं तो वर तारेला हात घालून होता. दीड वाजला होता हे मला त्या क्षणी घड्याळात दिसत होतं. मी ते पाहिलं आणि तरी मूठ फिरवली.

यंदा आमच्याकडे शिकाऊ उमेदवार आले. त्यात एक मुलगी. आयटीआय झालेली, काटक, केस घट्ट बांधलेले. नाव सांगितलं, वैशाली रामधन राठोड. मला म्हणाली, "काका, ओळखलं का? तुमी बाबर लिहिलं होतं." बा म्हणजे वडील. बाबर म्हणजे बापाबद्दल. मी म्हणालो, ओळखलं.

तिला काम शिकवणं माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी परमिट बुक उघडून मी शिकवू लागलो. कोण मागतो, कोण देतो, सही कुठं, कुलूप कुठं. ती बारीक अक्षरात वहीत उतरवून घेत होती. मग पेन थांबवून तिनं विचारलं.

"म्हणजे बानं हेच केलं न्हाई ना, काका?"

मी परमिट बुकाचं पान सारखं केलं.

"मला लई राग येतो त्याहिचा. आमाला गल्लीतून जाताना हेल्मेट घालायला लावायचे. आन स्वतः एक सही करायचा कंटाळा केला. याडी म्हणती, मेलेल्या माणसावर राग धरू नये." याडी म्हणजे आई. "पण मला येतो. आमाला सोडून जायचं नव्हतं तर सही करायची होती."

मी पुढचं पान उलटलं आणि आयसोलेटर शिकवला. त्या संध्याकाळी घरी जेवलो नाही. माझ्या खोटेपणानं रामधनच्या घराला भरपाईपासून नोकरीपर्यंत काय काय मिळायचं राहिलं याचा मी पूर्वी कधीतरी विचार केला होता. पोरीच्या मनातून तिचा बाप गेला आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरावर त्या माणसाचा जीव होता, तेवढंच त्याच्यामागं उरलं होतं, तेही मी खोडून टाकलं होतं. माझ्या श्रद्धांजलीच्या फलकावरचा शब्द न शब्द पोरीला आता थापा वाटत असणार.

म्हणून संपादकांच्या फोनला मी हो म्हणालो. गमतीजमतींसाठी नाही.

इथपर्यंतचा लेख लिहून झाल्यावर त्याची एक प्रत आणि वेगळा खरा जबाब मी कार्यालयात दिला; यापुढचं नंतर जोडलं आहे. पोच घेतली. अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मी नोकरीत असेन की आणखी कुठं, मला माहीत नाही, आणि तो या लेखाचा विषयही नाही. पण त्याआधी वैशालीनं वाचावं असं मला वाटलं. दुपारची पाळी होती. पानं तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "हे बाबर हाय. या टायमाला खरं हाय."

ती खिडकीशी उभी राहून वाचत होती. मी खुर्चीत. दोन वाजताचे आकडे लिहायचे होते, मी लिहिले नाहीत. अकरा पानं होती. ती मध्ये कुठंही थांबली नाही. शेवटचं पान संपल्यावर तिनं पानं सरळ केली, कडा जुळवल्या, टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं ती ओरडेल, शिव्या देईल. मी तयार होतो.

ती म्हणाली, "कोणत्या फाट्यावर सोडलं न्यूट्रलला?"

मी फाट्याचं नाव सांगितलं.

"याडी महिनाभर हुडकत होती त्याला. बाळापूरच्या बाजारात जाऊन बसायची. म्हणायची, जिथून आला तिथं गेला असंन." तिनं टेबलावरची पानं पालथी केली. "बाचं तेवढंच राहिलं होतं आमच्यापाशी."

मी म्हणालो, "वैशाली, मी तांड्यावर येतो. वहिनीला मी स्वतः..."

"नका येऊ." आवाज चढलेला नव्हता. "याडीला मी सांगते. तुमी येऊ नका."

तेवढ्यात नवीन लाईनमन आला. कॅनॉलपलीकडचाच फीडर. म्हणाला, "ऑपरेटरसाहेब, बंद करा, सही आल्यावर..." वाक्य संपायच्या आत वैशालीनं परमिट बुक त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं लिहून सही केली. तिनं मूठ फिरवून फीडर बंद केला आणि ती बाहेर उन्हात गेली. खिडकीतून मला दिसत होतं. आयसोलेटरचा दांडा तिनं दोन्ही हातांनी ओढला आणि कुलूप लावलं. ते गंजलेलं कुलूप तिनं आल्याच्या पहिल्या आठवड्यातच चावी शोधून, तेल घालून मोकळं केलं होतं, तेव्हा मी हसलो होतो. आत आली, पाटी अडकवली, बुकात सही दिली.

सवयीनं मी हात पुढं केला. ऑपरेटरकडेच चावी राहते.

"चावी माझ्यापाशी राहू द्या, काका," ती म्हणाली आणि खिशात टाकली.

मग तिनं परमिट बुक उघडं ठेवून स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. फोन वाजला, कुणीतरी लाईट कधी येणार म्हणून विचारत असणार. तिनं उचलला नाही, मीही नाही. मी फाटकाकडे बघत होतो. तिनं तिकडे एकदाही पाहिलं नाही. लाईनमन येऊन सही करेपर्यंत, पाऊण तास, ती परतीच्या सहीच्या त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून बसली होती.